फळीवरची वाट

मे महिना लागला की मला एका जागी बसवत नाही. परीक्षा आटपलेल्या असतात, कॉलेज ओस पडलेलं असतं, पंखे रिकाम्या टेबलांना वारा घालत असतात आणि आमच्या ग्रंथालयात वर्षातून एकदा येणारं काम सुरू होतं, पुस्तकांच्या पडताळणीचं. दाखल नोंदवही उघडायची, एकेक नंबर वाचायचा, ते पुस्तक फळीवर आहे का बघायचं. असलं तर टिक, नसलं तर शोधाशोध. मे म्हटलं की लोकांना आंबे आठवतात, माहेर आठवतं. मला नाकात गेलेली धूळ आठवते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. दोन शिंका येतात आणि अठरा वर्षांपूर्वीचा जामखेडचा मे महिना समोर येऊन बसतो. तो काही केल्या उठत नाही.

यंदा त्यात एका व्याख्यानाची भर पडली आहे. महिनाअखेरीला जिल्ह्यातल्या ग्रंथपालांची कार्यशाळा आहे आणि मला तासभर बोलायचं आहे. विषय आहे, ग्रंथालय व्यवसायातील नेतृत्व आणि विकास. आयोजकांनी फोनवर सांगितलं, मॅडम, तुमचा प्रवास सांगा, आणि ती तुमची धुळीची पद्धत तर सांगाच. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. तेव्हापासून कागदावर एकच ओळ आहे, 'माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो'. तिच्या खाली तीन आठवडे काही नाही. मी उठते, चहा टाकते, लिहायचं टेबल खिडकीशी नेते, ऊन येतं म्हणून परत भिंतीशी आणते. नवरा म्हणाला, चाकंच लावून घे त्याला.

विकास काय झाला माझा? सहायक होते तेव्हा माझ्या हातात पुस्तकं असायची. ग्रंथपाल झाले आणि हातात याद्या आल्या. आता दोन-चार समित्यांवर आहे, तिथं फायली असतात. पुस्तकापासून जितकं लांब जावं तितकी माणसाची वाढ झाली असं आमच्या क्षेत्रात धरतात. कधीकाळी माझ्या बोटांची पेरं मेभर काळी असायची, साबणानंही निघायची नाहीत. आता ती स्वच्छ असतात. परवा स्वतःचेच हात बघून मला लाज वाटली, आणि लाज कशाची हे लगेच कळलं म्हणून मी उठून पुन्हा चहा टाकला.

काळ्या हातांची आता सायली आहे. ती आमची नवी सहायक. हुशार, शांत, कॉम्प्युटरवर तिची बोटं चालतात तशी माझी स्वयंपाकघरातही चालत नाहीत. मेच्या पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्यापुढं एक यादी ठेवली. दहा वर्षांत एकदाही घरी न नेलेली पुस्तकं. ही बाद केली तर एक अख्खी खोली मोकळी होते, तिथं अभ्यासिका काढता येईल, असं तिनं सुचवलं. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. यादी नीटनेटकी होती, शिफारस बरोबर होती, आणि माझा हात पेनाकडे जाईना. अशी यादी मी ओळखते. अशीच एक मी केली होती.

जामखेडच्या सार्वजनिक वाचनालयात मी सहायक म्हणून लागले तेव्हा माझी पदवी कोरी करकरीत होती आणि अक्कल तिच्याहून कोरी. पत्र्याखाली दोन खोल्या, लोखंडी कपाटं, लाकडी फळ्यांचे घोडे आणि भानुदासमामा. मामा तिथले शिपाई. सातवी शिकलेले, अंगानं काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर झाडणीचं फडकं. ते मला ताई म्हणायचे. कुठलं पुस्तक कुठं आहे हे विचारलं की बघायचे नाहीत, नुसता हात लांब करायचे, आणि पुस्तक तिथं असायचं. वर्गीकरण शिकून आलेल्या मला याचा थोडा रागच यायचा.

तिकडची धूळ वेगळी. इथं नगरला, नागापूरच्या एमआयडीसीच्या बाजूला आमच्या कॉलेजात काळसर, खरबरीत धूळ येते, बोटाला टोचते. जामखेडची पिठासारखी मऊ. सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा जशीच्या तशी. मामा वर्षभर इमानानं पुसायचे, आणि गुढीपाडवा झाला की फडकं खुंटीला टांगायचे. पाडव्यापासून पडताळणीपर्यंत फळ्यांना हात लावायचे नाहीत. मला वाटलं, उन्हाळ्याचा आळस. मेमध्ये एके दिवशी मी फळीवर बोटानं माझं नाव लिहिलं आणि मामांना बोलावून दाखवलं. काय ही दशा, म्हटलं, लोक काय म्हणतील? मामा म्हणाले, ताई, पडताळणीपतूर राहू द्या. का, ते मी विचारलं नाही. मी सहायक होते, ते शिपाई होते. मी बाजारातून दोन बायका लावून एका दिवसात दोन्ही खोल्या लख्ख करून घेतल्या. मामा दारात उभे राहून ते बघत होते. मला वाटलं, त्यांचं काम दुसऱ्यांनी केलं म्हणून चेहरा पडलाय.

मग मी माझ्या पदवीनं शिकवलेलं केलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का. ज्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या, ती पुस्तकं मी बाजूला काढत गेले. कोरी चिठ्ठी म्हणजे वाचक नाही, इतकं सोपं. तीनशे बारा पुस्तकं निघाली. त्यांची यादी केली, सही केली, कार्यकारिणीनं मान डोलावली, आणि एका टेम्पोनं ती रद्दीत गेली. मोकळ्या झालेल्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका झाली. उद्घाटनाला फेटे, हार, पेपरात फोटो. फोटोत मी फीत कापणाऱ्याच्या शेजारी आहे. तो फोटो मी पुढं कॉलेजच्या मुलाखतीला नेला होता.

अभ्यासिका वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. पोरं शिकली, कोणी पोलिसात लागलं, कोणी तलाठी झालं. चांगलं काम झालं होतं. म्हणून तर ते इतकी वर्षं टोचत राहिलं. सगळंच वाईट झालं असतं तर एकदा रडून मोकळी झाले असते.

जूनमध्ये कमल आली. समोरच्या गल्लीत एका शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करणारी मुलगी, विशीची असेल. ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. ती दुपारच्या सुट्टीत यायची, सभासद नव्हती, अनामत भरणं तिला जमण्यासारखं नव्हतं. उभ्या उभ्या नाहीतर खिडकीत बसून वाचायची. काय वाचते हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती सरळ एका फळीशी गेली आणि तिथं अभ्यासिकेची खुर्ची बघून थांबली. तिनं मला विचारलं, ते शरीराचं पुस्तक कुठं ठेवलं, हाडांची चित्रं असलेलं? तिला नर्सच्या कोर्सला जायचं होतं, निम्मं पुस्तक झालं होतं. मी नोंद शोधल्यासारखं केलं. आमच्याकडे तेव्हा संगणक नव्हता, एक वही होती, ती चाळली. म्हटलं, बाद झालं. ती बरं म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही. मीही तिच्या दुकानात गेले नाही, गल्ली वीस पावलांवर होती.

ती गेल्यावर मामा हळूच म्हणाले होते, "ते पुस्तक रोज हलत हुतं, ताई. धूळ बगितली असती तर कळलं असतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तक घरी नेलं तरच चिठ्ठीवर शिक्का बसतो. जे पुस्तक इथंच बसून वाचलं जातं त्याची चिठ्ठी जन्मभर कोरी. ज्यांच्याकडे अनामत नाही, घरी वाचायला कोपरा नाही, त्यांच्या वाचनाची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती नोंद फक्त धुळीत होती, आणि मामा दर वर्षी पाडव्यापासून ती जपत होते. मी ती दोन बायका लावून पुसून टाकली होती.

इथं थांबलं असतं तर चुकीवर भागलं असतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण श्रावणात एका जुन्या देणगीदाराचे चिरंजीव आले. वडिलांच्या नावाचा शिक्का असलेली पुस्तकं त्यांना वर्षश्राद्धाच्या निमित्तानं बघायची होती. ती तीनशे बारांत होती. गृहस्थ भडकले, कार्यकारिणी बसली, सचिवांनी मला विचारलं, ही पुस्तकं बाहेर कशी गेली? माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. कॉलेजात अर्ज केलेला होता. माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. गठ्ठे बांधताना मामांकडून अदलाबदल झाली असेल. 'असेल' म्हणाले मी, 'झाली' म्हणाले नाही. या एका शब्दाच्या आडोशाला मी अठरा वर्षं उभी आहे. यादी पुन्हा काढून बघायची तसदी कोणी घेतली नाही. सचिवांनी दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असंल."

त्यांना मेमो मिळाला. पुस्तकांच्या खोलीतून काढून त्यांना फाटकावर बसवलं, सायकली सरळ लावायला आणि अभ्यासिकेचा माठ भरायला. दुसऱ्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणू लागले. सहा महिन्यांनी मला कॉलेजची ऑर्डर आली आणि मी नगरला आले.

पुढचं तर सांगतानाही जीभ अडखळते. मामांचं ते एक वाक्य मी बरोबर घेऊन आले. कॉलेजात पहिल्या वर्षीच पडताळणीआधी महिनाभर झाडायचं बंद केलं. पुस्तकांच्या वरच्या कडेवर किती धूळ बसते त्याच्या नोंदी ठेवल्या, त्यावर लेख लिहिला, तो छापून आला. मग व्याख्यानं. व्याख्यानांत मी म्हणायचे, माझ्या असं लक्षात आलं. एकदा राजूरला बोलायला गेले होते तर तिथल्या ग्रंथपालांनी हात वर केला. ते म्हणाले, मॅडम, आमच्याकडं धूळ बसायला पाऊस थांबावा लागतो, आमच्या पुस्तकांना बुरशी येते, तिच्यावरून काही कळतं का? सगळे हसले, मीही हसले. हसताना मनात आलं, मामा असते तर बुरशीवरूनही काहीतरी सांगितलं असतं. आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

परवा सायली दारात येऊन उभी राहिली. यादीवर सही झाली नाही म्हणून तिला वाटलं, आपलं काही चुकलं. तिनं अगदी आदबीनं विचारलं, "मॅडम, आधी तुमच्या धुळीच्या पद्धतीनं बघून घेऊ का? मी तुमचा लेख वाचलाय." तुमच्या, या शब्दावर तिनं जोर दिला नव्हता. तरी तो मला ऐकू आला. मी म्हटलं, चार दिवस थांब. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जामखेडची एसटी धरली.

जिल्ह्याचं नाव बदललं, स्टँडवरच्या पाट्या बदलल्या, एसटीतली माणसं मात्र अजून नगरच म्हणतात. कडा गेलं, आष्टी गेली. मधे बीड जिल्हा लागतो आणि मग पुन्हा आपला. खिडकीतून तीच पिठासारखी धूळ येऊन मांडीवर बसत होती. मी ती पुसली नाही. आष्टीला वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी बघावी. मामा असतील की नाही याचीही खात्री नव्हती, आणि खरं बोलायचं तर नसले तर बरं, असंही एकदा मनात आलं. असं मनात आल्याचं मला फार वाईट वाटलं.

मामा होते. गावाबाहेर दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची सावली, सावलीत बाज. टोपी तीच, आतला माणूस निम्मा झालेला. उंबऱ्यात त्यांची सून संगीता गहू निवडत बसली होती. मामांनी मला लगेच ओळखलं. बसा मॅडम, म्हणाले. ताई म्हणाले नाहीत. मी एवढ्या लांबून त्या एका शब्दाची आशा घेऊन आले होते हे मला तेव्हा कळलं.

पाणी झालं, चहा झाला. पाऊस कधी, गुडघे कसे, हे झालं. मग मामाच म्हणाले की माझं भाषण त्यांनी ऐकलंय. संगीतानं मोबाईलवर लावून दिलं होतं, धुळीचं. आता ते म्हणतील, ते माझं होतं. म्हणावं, असंच मला वाटत होतं.

"चांगलं सांगताव तुमी," मामा म्हणाले. "पर एक चुकतंय."

"काय मामा?"

"पुस्तकावरची धूळ बगायची नसती. ती पंख्यानं बी उडती, कुनाच्या पदरानं बी पुसती. फळी बगायची. पुस्तक वढलं की त्याच्या म्होरं फळीवर वाट पडती. जेवडी वाट साफ, तेवडं पुस्तक चालतं."

ते उठले, आत भिंतीत एक फळी होती तिच्याशी गेले, एक डबा पुढं ओढला आणि मला दाखवलं. डब्याच्या पुढं धुळीत दोन बोटं रुंद अशी स्वच्छ पट्टी होती. शेजारच्या डब्यापुढं नव्हती. अठरा वर्षं मी अर्धीच गोष्ट शिकवत होते. अर्धी, कारण त्या दिवशी त्यांच्या एका वाक्यानंतर मी दुसरं विचारलंच नव्हतं. जिल्हाभर माझं ऐकून लोकांनी पुस्तकांच्या कडा तपासल्या असतील आणि फळीकडे कोणी बघितलं नसेल. किती कमल परत गेल्या असतील, देव जाणे.

मग मी बोलले. मेमोचं, त्या 'असेल'चं, लेखाचं. माफी मागितली. बोलताना रडू आलं, ते आवरलं नाही. मामा फळीकडे बघत होते. तुम्ही तेव्हा गप्प का राहिलात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुमची नोकरी पक्की न्हवती, माझी हुती. झाडायचंच तर आत झाडलं काय आन् भाईर झाडलं काय. मग म्हणाले, पर पुस्तकांची सवय हुती, भाईर करमायचं न्हाई.

उंबऱ्यात गहू निवडायचा आवाज थांबला होता. संगीता म्हणाली, "म्हंजी ती पुस्तकं आबांनी न्हाई टाकली?"

मी समजत होते की मेमो वाचनालयात लागला होता. तो घरातही लागला होता, अठरा वर्षं, जेवणाच्या ताटाशी.

मामा आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. येताना त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पिशवीत घडी घातलेला कागद. तो मेमो होता. निष्काळजीपणामुळे मौल्यवान ग्रंथांचे नुकसान, वगैरे. घड्यांवर तो चिरत आला होता, आणि मामांनी मागून बारीक पट्टीनं चिकटवला होता, आम्ही फाटकी पानं चिकटवतो तसा. तो त्यांनी पालथा करून माझ्यापुढं ठेवला.

"तोंडी नको मॅडम. ह्याच्यावर लिवा."

तीन आठवडे मला एक ओळ सुचत नव्हती. बाजेवर बसून, मांडीवर पर्स ठेवून, मी न थांबता लिहिलं. जामखेडच्या वाचनालयातली तीनशे बारा पुस्तकं मी बाद केली. यादी माझी, सही माझी. शिपाई भानुदास रामा साळवे यांनी पडताळणीपर्यंत धूळ झाडू नका असं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पुढं दोष त्यांच्यावर टाकला, त्यांचा काहीही दोष नव्हता. पुस्तकं ओळखण्याची धुळीची पद्धत त्यांची आहे, माझी नाही.

मामांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले, संगीताला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. स्वतःच्या नावावर बोट जरा थांबलं. शेवटच्या ओळीला मान हलवली. धुळीची न्हाई, म्हणाले, फळीवरच्या वाटेची म्हना. मी 'धुळीची' खोडलं आणि दुरुस्ती केली. मग त्यांनी सही कुठं करायची ते दाखवलं, तारीख टाकायला लावली.

मी कागदाकडे हात केला. तो मला हवा होता. महिनाअखेरीला शंभर ग्रंथपालांपुढं उभं राहून जे बोलायचं ते त्या कागदावर होतं, दुसरीकडे कुठंच नव्हतं. निदान उतरवून तरी घेते, म्हटलं.

मामांनी जुन्याच घड्यांवर कागद दुमडला, पिशवीत घातला, पिशवीचं तोंड वळवून संगीताच्या हातात दिली.

"कागद आमचा हाय, मॅडम," ते म्हणाले. "तुमाला तर पाठ हाय की."